मंगळावरच्या रोव्हरचा माग कसा ठेवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नासाच्या पर्सिव्हिअरन्स आणि क्युरिऑसिटी या दोन रोव्हरबद्दल वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सध्या मंगळावर नक्की किती रोव्हर चालू आहेत?

दोन. क्युरिऑसिटी ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरला आणि तिथल्या सुमारे पाच किलोमीटर उंच माउंट शार्पचा उतार चढतो आहे. पर्सिव्हिअरन्स १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरला (भारतात तेव्हा १९ तारखेची पहाट, २ वाजून २५ मिनिटं). डिसेंबर २०२४ मध्ये तो विवराच्या कडेवर पोचला. बाकीचे सगळे थांबले आहेत: सोजर्नर (१९९७), स्पिरिट, ऑपॉर्च्युनिटी आणि चीनचा झुरोंग. झुरोंग मे २०२२ मध्ये हिवाळ्यासाठी झोपला, तो पुन्हा उठला नाही.

२. रोव्हर आज कुठे आहे, काय करतो आहे, हे बघायचं कुठे?

नासाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मोहिमेचं स्वतंत्र पान आहे. त्यात तीन गोष्टी कामाच्या: कच्च्या फोटोंचं पान, नकाशा आणि चमूची टिपणं. बघायचा क्रमही हाच ठेवा. कच्चे फोटो आपोआप चढतात, माणसाच्या हाताची वाट बघत नाहीत, म्हणून ते सर्वात ताजे. नकाशावरचा ठिपका रोव्हर हलल्यावर थोड्या उशिराने सरकतो. टिपणं त्याहून उशिरा येतात, पण ‘का’ हे फक्त तिथेच कळतं. बातम्यांवर विसंबू नका. वृत्तपत्रात ‘आज’ म्हणून छापून येतं ते पुष्कळदा महिन्यांपूर्वीचं असतं, कारण शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावरच बातमी होते.

३. ‘सोल’ म्हणजे काय? सोलवरून आपली तारीख कशी काढायची?

सोल म्हणजे मंगळाचा एक दिवस: २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंद. रोव्हरचं सगळं वेळापत्रक सोलमध्ये चालतं आणि उतरला तो दिवस सोल ० धरतात. तारीख काढायची तर सोलच्या आकड्याला १.०२७५ ने गुणा आणि येतील तेवढे दिवस उतरल्याच्या तारखेत मिळवा. पर्सिव्हिअरन्सचा सोल १००० घ्या. १००० × १.०२७५ म्हणजे १०२७ दिवस आणि वर थोडं. १८ फेब्रुवारी २०२१ पासून मोजलं की १२ डिसेंबर २०२३ येतं. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, कारण सोल कुठल्याही पृथ्वीवरच्या मध्यरात्री सुरू होत नाही. जुन्या रोव्हरचा हिशेब वेगळा आहे, प्र. २१ पाहा.

४. भारतातून बघताना नवीन फोटो कोणत्या वेळी येतात?

ठरलेली वेळ नाही. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा, त्यामुळे रोव्हरची दुपार रोज आपल्या घड्याळात ४० मिनिटं पुढे सरकते आणि पाचेक आठवड्यांत पूर्ण फेरी मारते. टिपणांचं मात्र बऱ्यापैकी ठरलेलं आहे. मोहिमा चालतात कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतून, आणि आपण त्यांच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे आहोत. त्यांचा कामाचा दिवस म्हणजे आपली रात्र. सकाळच्या चहाबरोबर पान उघडलंत तर त्यांचं दिवसभराचं काम समोर असतं.

५. थेट प्रक्षेपण का दाखवत नाहीत?

दाखवण्यासारखं थेट काही येतच नाही. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातल्या अंतराप्रमाणे संदेशाला एका बाजूने साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. त्यापेक्षा मोठी अडचण वाहिनीच्या अरुंदपणाची. रोव्हरने थेट पृथ्वीशी बोलायचं म्हटलं तर वेग अगदीच कमी मिळतो. म्हणून तो डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाकडे माहिती फेकतो आणि उपग्रह ती पृथ्वीवर पाठवतो. क्युरिऑसिटीबाबत नासाने दिलेला आकडा असा: उपग्रह एका फेरीत सुमारे आठ मिनिटं माथ्यावर असतो आणि तेवढ्यात १०० ते २५० मेगाबिट वर जातात. तेच २५० मेगाबिट थेट पृथ्वीवर पाठवायला २० तासांपर्यंत लागतील. समाजमाध्यमांवर ‘मंगळावरून लाइव्ह’ म्हणून फिरणारे व्हिडिओ बहुतेक वेळा एखाद्या रुंद फोटोवरून कॅमेरा सरकवून, वर वाऱ्याचा आवाज चिकटवून केलेले असतात. पर्सिव्हिअरन्सच्या उतरण्याचा व्हिडिओ मात्र खरा आहे. आणि त्याच्यावर दोन मायक्रोफोन आहेत, त्यामुळे खरे आवाजही नासाच्या पानावर ऐकता येतात.

६. कोणते उपग्रह हे काम करतात? आणि ‘डीएसएन नाऊ’ पानावर काय बघायचं?

मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर, मार्स ओडिसी आणि युरोपचा ट्रेस गॅस ऑर्बिटर (‘टीजीओ’) ही नावं सतत दिसतील. पृथ्वीवर ते संदेश डीप स्पेस नेटवर्कच्या तीन केंद्रांवर येतात: कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद, ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा. ७० आणि ३४ मीटर व्यासाच्या तबकड्या कोणत्या यानाशी बोलताहेत हे ‘डीएसएन नाऊ’ वर त्या क्षणी दिसतं. संक्षेप लक्षात ठेवा: पर्सिव्हिअरन्स म्हणजे ‘एम२०’, क्युरिऑसिटी ‘एमएसएल’, ओडिसी ‘एम०१ओ’, रिकॉनिसन्स ऑर्बिटर ‘एमआरओ’. तबकडीवर टिचकी मारली की संदेशाला जाऊन-येऊन लागणारा वेळही दिसतो. ‘एम२०’ दिसलं नाही म्हणून घाबरू नका. रोव्हरचा बहुतेक माल ‘एमआरओ’ किंवा ‘टीजीओ’च्या नावाखाली येतो.

७. फोटोच्या फाईलचं ते लांबलचक नाव कसं वाचायचं?

हे एकदा जमलं की मथळा नसलेला फोटोही बोलायला लागतो. पर्सिव्हिअरन्सच्या फाईलचं नाव (मूळ रोमन अक्षरांत) समजा ‘एनएलएफ_००४६_०६७१०२२१०९…’ असं सुरू होतं. पहिलं अक्षर कॅमेऱ्याचं: ‘एन’ म्हणजे नेव्हिगेशन कॅमेरा, ‘झेड’ म्हणजे मास्टकॅम-झेड हा खांबावरचा झूम-कॅमेरा, ‘एफ’ आणि ‘आर’ म्हणजे पुढचे व मागचे अडथळा-कॅमेरे. दुसरं अक्षर डावा की उजवा डोळा. मग सोल: ४६.

पुढचा दहा आकडी भाग म्हणजे रोव्हरचं घड्याळ, १ जानेवारी २००० च्या दुपारी १२ पासूनचे सेकंद. ६७,१०,२२,१०९ ला ८६,४०० ने भागा: ७,७६६ दिवस आणि उरलेले सुमारे ११ तास. म्हणजे ६ एप्रिल २०२१, जागतिक वेळेनुसार रात्री ११ च्या सुमारास, भारतात ७ एप्रिलची पहाट साडेचार. प्र. ३ च्या रीतीने सोल ४६ वरूनही ६ एप्रिलच येतो, ताळा जुळतो.

नावात पुढे ‘एन००३०७७०’सारखा तुकडा दिसेल. त्यातले पहिले तीन आकडे ठिकाणाचा क्रमांक, पुढचे चार त्या ठिकाणापासूनच्या हालचालींची मोजणी. दोन फोटोंत हे सातही आकडे तेच असतील तर रोव्हर मधल्या वेळात जागचा हललेला नाही. रोव्हर अडकला की काय असा संशय आला तर आधी हे तपासा.

क्युरिऑसिटीची नावं जुन्या पद्धतीची आहेत, त्यांना हा नियम जसाच्या तसा लावू नका.

८. काही फोटो अगदी चिमुकले, काही अर्धवट, काही तुकड्या-तुकड्यांत का असतात?

चिमुकले फोटो म्हणजे नमुना-प्रती. अरुंद वाहिनीतून आधी त्या येतात, त्या बघून चमू ठरवतो की पूर्ण फोटो कोणता मागवायचा. पूर्ण प्रत दोन दिवसांनी किंवा दोन महिन्यांनीही येऊ शकते, म्हणून जुन्या सोलखाली अचानक नवीन फोटो उगवतात. तुकड्यांचं कारण वेगळं आहे. पर्सिव्हिअरन्सचे नेव्हिगेशन कॅमेरे २० मेगापिक्सेलचे, पण पूर्ण ताकदीचा फोटो १२८० × ९६० च्या १६ तुकड्यांत पाठवला जातो. सगळे तुकडे एका फेरीत पोचले नाहीत तर मधेच काळा चौकोन राहतो. क्युरिऑसिटीचे नेव्हिगेशन आणि अडथळा-कॅमेरे मुळातच कृष्णधवल, एक मेगापिक्सेलचे आहेत. तो बिघाड समजू नका.

९. एकाच जागेचा फोटो कधी तांबूस, कधी पिवळट, कधी निळसर का?

कच्चा फोटो कॅमेऱ्याने टिपला तसा असतो. नंतर दोन प्रकारे रंग सुधारतात: मंगळावर उभं राहिल्यावर दिसेल तसा, किंवा पृथ्वीच्या उजेडात दगड जसा दिसेल तसा. दुसरा प्रकार भूशास्त्रज्ञांच्या सोयीचा, त्यात आकाश निळसर दिसतं. मथळ्यात कोणता प्रकार आहे ते लिहिलेलं असतं, पण पुढे पाठवताना मथळा गळून पडतो. मावळतीच्या सूर्याभोवतीची निळी झाक मात्र खरी आहे, ती हवेतल्या बारीक धुळीमुळे येते.

१०. चार दिवस झाले, एकही नवीन फोटो नाही. रोव्हर बंद पडला का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असतं. खालच्या क्रमाने तपासा.

आधी वार बघा. शुक्रवारी दोन-तीन सोलचं काम एकदमच पाठवलेलं असतं, त्यामुळे शनिवार-रविवारी टिपणं येत नाहीत. अमेरिकेतल्या लांब सुट्टीत हे अंतर आणखी वाढतं.

मग घड्याळाचा घोळ. प्र. ४ मध्ये सांगितलेल्या सरकण्यामुळे काही आठवडे असे येतात की रोव्हरची संध्याकाळची माहिती पासाडेनात रात्री उशिरा पोचते. कालची चाल नीट झाली की नाही हे कळल्याशिवाय आज पुढे न्यायचं कसं? म्हणून त्या काळात रोव्हर एक सोल आड चालतो आणि मधल्या सोलला जागेवर बसून दूरची निरीक्षणं करतो. चमू याला ‘निर्बंधित सोल’ म्हणतो. उतरल्यानंतरचे सुरुवातीचे तीनेक महिने अख्खा चमू मंगळाच्या घड्याळावर जगत होता, तेव्हा ही अडचण नव्हती. पण माणसं कायम तशी जगू शकत नाहीत.

तिसरं, चाल मधेच थांबलेली असू शकते. रोव्हर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त कलला, चाकं जास्त घसरली किंवा एखाद्या मोटरचा विद्युतप्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो स्वतःच थांबतो आणि आदेशाची वाट बघतो. हे वरचेवर होतं.

खरा बिघाड असेल तर टिपणात ‘सुरक्षित अवस्था’ हा उल्लेख येतो. तेव्हा रोव्हर सगळं काम सोडून फक्त संपर्क राखतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्युरिऑसिटीच्या संगणकाची स्मृती बिघडली, तेव्हा चमूने त्याला दुसऱ्या, जोड-संगणकावर हलवलं. डिसेंबर २०१६ मध्ये ड्रिल पुढे सरकवणारी मोटर अडकली, तर सगळा हातच रेटून भोक पाडायची नवी रीत बसवून मे २०१८ मध्ये ड्रिलिंग पुन्हा सुरू केलं. जानेवारी २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्सच्या सेंद्रिय पदार्थ शोधणाऱ्या शेरलॉक उपकरणाचं धूळ-झाकण अडकलं, ते उपकरण त्याच वर्षी पुन्हा कामाला लागलं. या शेवटच्या दोन बिघाडांत रोव्हर चालत होते, फोटो येत होते.

यांपैकी काहीच लागू होत नसेल तर पुढचा प्रश्न पाहा.

११. दर दोन वर्षांनी दोन आठवडे सगळं शांत होतं, ते का?

सूर्य-मंगळ युतीमुळे. सुमारे २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो, सूर्याभोवतीच्या तप्त वायूतून जाताना संदेश विस्कटतात. अर्धवट पोचलेला आदेश न पोचलेल्यापेक्षा घातक, म्हणून साधारण दोन आठवडे आदेश पाठवणंच बंद ठेवतात. ऑक्टोबर २०२१, नोव्हेंबर २०२३ आणि जानेवारी २०२६ या अलीकडच्या युती. त्या काळात रोव्हर जागेवर उभा राहून हवामानाच्या नोंदींसारखी आधी पढवलेली कामं करतो, आणि साठलेले फोटो नंतर एकदम येतात.

१२. अंतराचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा का?

तीन वेगवेगळी अंतरं आहेत. चाकांच्या फेऱ्यांवरून निघणारं, फोटोंतल्या खुणा ताडून रोव्हरने स्वतः काढलेलं, आणि उतरल्या जागेपासूनचं सरळ रेषेतलं. वाळूत चाक घसरलं तर पहिलं फुगतं. तिसरं नेहमीच सर्वात कमी. तुलना करताना एकाच प्रकारचे आकडे घ्या. मॅरेथॉनहून अधिक, ४५.१६ किलोमीटर चाललेल्या ऑपॉर्च्युनिटीचा विक्रम मोजायचा तो एकूण चालीवर.

१३. इतका महागडा रोव्हर मुंगीच्या पावलांनी का चालतो?

सपाट, कठीण जमिनीवर पर्सिव्हिअरन्सचा कमाल वेग ताशी सुमारे १५२ मीटर. मोटर वाढवून फायदा नाही, कारण अडचण विजेची आणि नजरेची आहे. वीज प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणाऱ्या जनित्रातून येते, सुरुवातीला जेमतेम ११० वॉट. रोव्हर झोपतो तेव्हा बॅटऱ्या भरतात आणि जागेपणी ती शिल्लक खर्च होते. पर्सिव्हिअरन्सला चालता-चालताच वाट शोधता येते, म्हणून १९ जून २०२५ रोजी त्याने एका दिवसात ४११ मीटर कापले. पण मोहिमेचा बराच वेळ दगडापाशी थांबण्यातच जातो, आणि तो जायलाही हवा.

१४. क्युरिऑसिटीची चाकं फाटली आहेत म्हणतात, मग तो चालतो कसा?

फाटली आहेत, हे खरं. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पाऊण मिलिमीटर जाडीचा, आणि २०१३ मध्ये रुतून बसलेल्या टोकदार दगडांवरून जाताना त्याला भोकं पडली. भार पेलतात ते चाकावरचे १९ नागमोडी उंचवटे, ते शाबूत असेपर्यंत चाक चालतं. त्यानंतर वाट निवडण्याची पद्धत बदलली आणि ठरावीक अंतरानंतर चाकांचे फोटो घेतले जातात. हे फोटो हातावरच्या कॅमेऱ्याचे, कच्च्या पानावर मिळतात. पर्सिव्हिअरन्सला जाड पत्र्याची, ४८ कमी वळणदार उंचवट्यांची चाकं दिली, ती या धड्यामुळेच. त्याच्या डाव्या पुढच्या चाकात फेब्रुवारी २०२२ मध्ये एक दगड शिरला आणि वर्षभराहून जास्त काळ गडगडत राहिला. चाकाला काही झालं नाही.

१५. धुळीच्या वादळात हेही ऑपॉर्च्युनिटीसारखे जातील का?

नाही. ऑपॉर्च्युनिटी सौरपट्ट्यांवर चालायचा, हे दोघे प्लुटोनियमच्या जनित्रावर चालतात (प्र. १३). जून २०१८ च्या वादळात आकाश इतकं काळवंडलं की १० जूननंतर त्याच्याकडून काही आलं नाही आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचं जाहीर झालं. क्युरिऑसिटी त्याच वादळात काम करत होता. या दोघांना धुळीचा त्रास होतो तो भिंगांना आणि संवेदकांना. वाऱ्याने उडालेल्या खड्यांनी पर्सिव्हिअरन्सच्या वारा मोजणाऱ्या संवेदकांचं नुकसान केलं, म्हणून वाऱ्याच्या नोंदींत खंड दिसतात.

१६. नमुन्यांच्या नळ्यांचा हिशेब काय? पहिली नळी रिकामी कशी निघाली?

दगडांचे नमुने पुढे पृथ्वीवर आणता यावेत म्हणून पर्सिव्हिअरन्सकडे ४३ नळ्या आहेत: ३८ नमुन्यांसाठी आणि ५ साक्षी नळ्या. साक्षी नळीत दगड भरत नाहीत. रोव्हरने पृथ्वीवरून काही घाण सोबत आणली होती का, हे नंतर तपासता यावं म्हणून त्या आहेत.

ऑगस्ट २०२१ चा पहिला प्रयत्न फसला, कारण दगड ठिसूळ होता. भोक बरोबर पडलं, पण गाभा (नळीत यायला हवा तो दगडाचा दंडगोल) भुगा होऊन भोकातच राहिला. त्या नळीत मंगळाची हवा बंद झाली, तोही नमुनाच. सप्टेंबरमध्ये रोशेट नावाच्या घट्ट दगडातून पहिला गाभा मिळाला. वर्षअखेरीस नळी आत ठेवताना खडे यंत्रणेत अडकले. ते बाहेर पाडण्यात जानेवारी २०२२ मधले कित्येक दिवस गेले.

डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ मध्ये जेझेरोतल्या थ्री फोर्क्स इथे १० नळ्या जमिनीवर ठेवल्या. या फेकून दिल्या का, असं पुष्कळ जण विचारतात. हा राखीव साठा आहे. रोव्हर मधेच बंद पडला तरी काहीतरी हाती लागावं म्हणून.

१७. मंगळावर जीवसृष्टी सापडली, ही बातमी खरी का?

सापडलेली नाही. बातमीमागचा दगड खरा आहे: चेयावा फॉल्स. त्यावर गडद कडा आणि फिकट मधला भाग असलेले ठिपके दिसले. जुलै २०२४ मध्ये त्यातून सॅफायर कॅन्यन हा नमुना घेतला. सप्टेंबर २०२५ च्या निबंधानुसार त्या ठिपक्यांत व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट या लोहखनिजांच्या खुणा आहेत, शेजारी सेंद्रिय कार्बनही आहे. पृथ्वीवर अशी जोडी अनेकदा सूक्ष्मजीवांमुळे बनते, पण जीवाशिवायही बनू शकते. म्हणून शास्त्रज्ञ ‘संभाव्य जैवखूण’ म्हणतात. बातमीतून ‘संभाव्य’ हा शब्द गळाला की तीच बातमी खोटी होते. शहानिशेसाठी नमुना पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यायला हवा.

१८. मग नमुने येणार कधी?

तारीख नाही. २०२३ च्या स्वतंत्र समीक्षेने खर्च ८ ते ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असं सांगितलं, २०२४ मध्ये नासाने मूळ आराखडा बाजूला ठेवला आणि २०२५ च्या अमेरिकी अर्थसंकल्पी प्रस्तावात मोहीम रद्द करण्याचं सुचवलं गेलं. चीनची तियानवेन-३ ही नमुने आणायची स्वतंत्र मोहीम आहे, ती या नळ्या उचलणार नाही.

१९. मी नाव पाठवलं होतं, बोर्डिंग पासही आला. नाव खरंच तिथे आहे का?

आहे. १,०९,३२,२९५ नावं नखाएवढ्या तीन सिलिकॉन चकत्यांवर कोरून पर्सिव्हिअरन्सच्या मागच्या आडपट्टीवरच्या अ‍ॅल्युमिनियम पाटीवर बसवली आहेत. खांबावरच्या कॅमेऱ्यांना ती पाटी दिसते, पण वेगळं नाव वाचता येणार नाही, अक्षरं फार बारीक आहेत.

२०. दरवाजा, दोरी, चकचकीत पत्रा असं काहीबाही दिसतं, ते काय असतं?

क्युरिऑसिटीने ७ मे २०२२ रोजी टिपलेला ‘दरवाजा’ ही खडकातली भेग, उंची जेमतेम ३० सेंटीमीटर. फोटोत मोजपट्टी नसते, म्हणून डोळा फसतो. पत्रा आणि दोरी मात्र खरोखर मानवनिर्मित: २०२२ मध्ये पर्सिव्हिअरन्सला दिसले ते उतरतानाच्या यंत्रणेचे अवशेष. एकाच फोटोत चमकणारा ठिपका दिसला तर त्याच सेकंदाचा दुसऱ्या डोळ्याचा फोटो शोधा (प्र. ७). तिथे ठिपका नसेल तर बहुधा वैश्विक किरण कॅमेऱ्याच्या संवेदकावर आदळला आहे.

भारताचा रोव्हर मंगळावर आहे का, हेही याच पत्रांत असतं. नाही. मंगळयान हा उपग्रह होता, आणि प्रज्ञान रोव्हर २०२३ मध्ये चंद्रावर सुमारे १०० मीटर चालला. आपल्याकडचा खरा दुवा लोणारचा. ते विवर बेसाल्ट खडकात आघाताने झालेलं असल्यामुळे मंगळाच्या विवरांशी तुलना करायला संशोधक तिथे येतात.

२१. दोन रोव्हरच्या वेळा आणि सोल एकमेकांशी कसे जुळवायचे?

वेळ रेखांशावरून. क्युरिऑसिटी सुमारे १३७ अंश पूर्वेला, पर्सिव्हिअरन्स ७७ अंश पूर्वेला. दर १५ अंशांना मंगळाचा एक तास, म्हणजे क्युरिऑसिटीचं घड्याळ जवळपास चार तास पुढे. पर्सिव्हिअरन्सला दुपारचे दोन वाजले असतील तर क्युरिऑसिटीकडे संध्याकाळचे सहा. नासाचा ‘मार्स२४’ हा मोफत प्रोग्राम दोन्ही घड्याळं शेजारी-शेजारी दाखवतो.

सोलचे आकडे जुळवायला जाऊ नका, प्रत्येकाची मोजणी स्वतंत्र आहे. तारखेत आणूनच तुलना करा. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी यांच्या मोजणीत उतरण्याचा दिवस सोल १ होता, म्हणून त्यांना प्र. ३ ची रीत लावताना आधी सोलमधून एक वजा करा.